अंगणातले श्वानवैद्यक

प्राचीन भारतीय पशुवैद्यकात घोड्यासाठी शालिहोत्र आणि हत्तीसाठी पालकाप्य यांच्यासारखे आचार्य होऊन गेले, गाईच्या बाबतीत तर अवघा समाजच पिढ्यान्‌पिढ्या वैद्यकी करीत आला. कुत्र्याच्या वाट्याला मात्र त्या तोलाचा आचार्य काही आला नाही. दत्तगुरूंच्या पायाशी चार, खंडोबाच्या सोबतीला एक आणि स्वर्गारोहणाच्या वाटेवर युधिष्ठिराच्या मागे एक, एवढा मान ज्या प्राण्याला लाभला, त्याने अन्न सोडले तर नेमके काय करावे याविषयी परंपरेने फारसे काही सांगून ठेवलेले नाही. ही उणीव भरून काढण्याचे कार्य उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात शेणाने सारवलेल्या अंगणांनी आपल्याकडे घेतले असून, कुत्रे आडवे पडल्यापासून अर्ध्या तासाच्या आत तेथे जे वैद्यमंडळ भरते, त्याची कार्यपद्धती तपशिलाने नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

या मंडळाचे महत्त्व कळण्यासाठी तालुक्याचा भूगोल थोडा पाहावा लागतो. सुमारे १,९०० चौरस किलोमीटरच्या या मुलखात २०११ च्या जनगणनेत पन्नास हजारांच्या आसपास माणसे मोजली गेली. बाकीची जागा काळी नदीने, सुपा धरणाच्या जलाशयाने आणि जंगलाने व्यापलेली आहे. तालुक्याचे जुने नाव सुपा, परंतु सुपा हे गावच धरणाच्या पाण्याखाली गेल्यामुळे कचेऱ्या जोयड्याला आल्या आणि त्यांच्याबरोबर तालुक्याचे नावही बदलले. डिग्गी, कुंभारवाडा, अणशी या बाजूंना घर आणि शेजारघर यांच्यामध्ये कधी ओहोळ, कधी टेकाड, तर कधी दोन्ही असतात, आणि म्हणून येथला कुत्रा शोभेचा नसून चाकरीतला असतो: रात्री कंदांच्या वाफ्यांतून आणि भातातून रानडुकरे हाकलणे, दिवसा माकडांवर भुंकणे आणि अधल्यामधल्या वेळात कोंबड्यांकडे न पाहिल्यासारखे करणे, ही त्याची नेमून दिलेली कामे. त्याचे नाव बहुधा टायगर असते. हा भाग २००७ साली दांडेली-अणशी व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित झाला आणि २०१५ मध्ये त्याला काळी व्याघ्र प्रकल्प हे नाव मिळाले; त्यातील वाघांची मोजदाद झाडांना बांधलेले कॅमेरे रीतसर करतात, अंगणातल्या टायगरची गणना मात्र रात्रीच्या भाकरीच्या वेळी होते, आणि बिबट्या नावाला भीक घालीत नसल्यामुळे तो आकडा अधूनमधून एकाने कमी भरतो.

तालुक्यात सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, पण लोकभाषेत त्यांचे नाव ‘गुरांचा दवाखाना’ असल्याने कुत्र्याचा तेथे हक्क पोहोचतो की नाही याविषयी मालकाच्याच मनात शंका असते. म्हैस आटली तर माणूस मान ताठ ठेवून जीप ठरवतो. कुत्रे आजारी पडले म्हणून तोच माणूस निघाला, तर ‘कुत्र्याला घेऊन दवाखान्यात?’ या प्रश्नातले प्रश्नचिन्ह त्याच्या मागे नाक्यापर्यंत येते. अंगणातील वैद्यमंडळाला जी सत्ता प्राप्त होते ती मुख्यतः या संकोचातून, विद्वत्तेचा त्यात भाग थोडाच.

मंडळात अनेक संप्रदाय नांदतात. दृष्ट लागल्याचे मानणारा नजरवादी मीठ-मिरच्या ओवाळून मोकळा होतो, आणि त्याचा उपचार निदान कुत्र्याच्या अंगाला लागत नाही एवढा तरी त्याचा गुण मानला पाहिजे. तैलवादी अधिक कर्तबगार असतो. कोणत्याही दुखण्यावर जबडा उघडून गोडेतेल ओतावे हे त्याचे सूत्र असून, अर्धशुद्धीतल्या जनावराच्या घशात ओतलेले तेल अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरून फुप्फुसाला सूज आणते, हा उत्तरार्ध त्या सूत्राला कोणी जोडलेला नाही. दाहवादी तापलेल्या सळईने डाग देण्याच्या पक्षाचा असतो, आणि त्याच्या हाती सळई दिसताच पुष्कळ आजारी कुत्री उठून चालू लागतात, हा त्याचा सर्वांत भक्कम पुरावा होय. औषधवादी हा यांतला नवा संप्रदाय: स्वतःच्या गुडघ्यासाठी आणलेली गोळी तो अर्धी करून कुत्र्याला देतो आणि अर्ध्या गोळीने अर्धेच नुकसान होते असे समजतो. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात आणि मूत्रपिंडे कोलमडतात. पॅरासिटामॉलची मात्रा जास्त झाली तर यकृत जाते. आणि गोळी माणसाला मानवली हा कुत्र्याच्या बाबतीत कसलाच दाखला ठरत नाही.

या सर्वांना पुरून उरणारा संप्रदाय म्हणजे सकाळवाद. ‘उद्या सकाळी बघू’ हे त्याचे एकमेव वचन. त्याला विरोध करणे कठीण असते, कारण त्यात पैसा, कष्ट आणि मतभेद या तिन्हींची बचत आहे, आणि पुष्कळदा ते खरेही ठरते. कुत्र्याने गवत खाऊन ओकारी काढली, तर त्याला कोणाच्या सल्ल्याची गरज नसते. निरोगी कुत्रीही गवत खातात, त्याचा पावसाशी संबंध नसतो आणि आजाराशी असेलच असे नाही. एकदा उलटी करून जे कुत्रे पुन्हा शेपूट हलवीत पाणी पिते, एका जेवणाकडे पाठ फिरवूनही जे अनोळखी माणसावर पूर्ववत भुंकते, किंवा ताठ उभे राहून मिनिटभर नाकाने आत घुरघुर ओढते आणि मग काही घडलेच नाही असे वागते, त्याच्या बाबतीत सकाळवाद हे उत्तम वैद्यक आहे. शेवटच्या प्रकाराला उलटी शिंक म्हणतात. पाहणाऱ्याला कुत्रे गुदमरून मेलेच असे वाटते, कुत्र्याला तसे काही वाटत नाही. अडचण इतकीच की काही दुखण्यांना सकाळ ही गोष्टच ठाऊक नसते, आणि ती दुखणी ओळखण्यासाठी लागणारी विद्या अंगणातल्या सर्व संप्रदायांच्या एकत्रित ज्ञानापेक्षा पुष्कळच कमी आहे.

तिचा आरंभ कुत्र्याच्या नाकापासून होत नाही, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. नाक ओले तर प्रकृती उत्तम आणि कोरडे तर ताप, हा समज घराघरांत इतका मुरलेला आहे की पुष्कळ कुत्र्यांची नाडीपरीक्षा म्हणजे नाकपरीक्षाच. वस्तुतः चुलीजवळ झोपून उठलेल्या ठणठणीत कुत्र्याचे नाकही कोरडेच असते. अंगाला हात लावून ताप पाहण्यात दुसरी गंमत आहे. निरोगी कुत्र्याचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, म्हणजे माणसाला ज्या तापात रजा मिळते तो कुत्र्याचा रोजचा कारभार होय, आणि त्यामुळे हाताने पाहिलेल्या प्रत्येक कुत्र्याला ताप निघतो. शेपटीखाली लावलेला साधा तापमापक १०४ च्या वर गेला तर डॉक्टरला गाठावे आणि १०६ कडे जाऊ लागला तर अंगावर साधे पाणी ओतीत, वारा घालीत गाठावे. आकडा ९९ च्या खाली उतरला तर ती त्याहूनही वाईट बातमी असते, कारण ‘आता ताप उतरला’ म्हणून मंडळ उठते ते नेमके त्याच वेळी.

हिरडी अधिक प्रामाणिक असते. कुत्र्याचा वरचा ओठ उचलून हिरडीवर बोट दाबले आणि सोडले की पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाली पाहिजे. त्याला अधिक वेळ लागला, तर रक्ताभिसरण, म्हणजे रक्त अंगभर खेळवण्याचे हृदयाचे काम, रखडले आहे असे समजावे. पांढरी फट्ट हिरडी रक्त कमी झाल्याचे किंवा पोटात वाहत असल्याचे सांगते, निळसर हिरडी प्राणवायू पोहोचत नसल्याचे, पिवळी यकृत बिघडल्याचे किंवा रक्तपेशी फुटत असल्याचे आणि विटेसारखी लाल बहुधा उष्माघाताचे. गावठी कुत्र्यांची हिरडी पुष्कळदा जन्मतःच काळी असते. तेव्हा डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग पाहावा, आणि हे सर्व कुत्रे धडधाकट असताना एकदा पाहून ठेवावे, कारण आजारपणी प्रथमच ओठ उचलायला गेलेल्या माणसाविषयी कुत्र्याचे मत चांगले होत नाही. श्वास मोजणे त्याहून सोपे: गाढ झोपेत मिनिटाला तीसपेक्षा जास्त श्वास सातत्याने भरत असतील, किंवा मान लांब करून, कोपरे बाहेर काढून कुत्रे हवेसाठी झगडत असेल, तर सकाळवाद्याला नम्रपणे घरी पाठवावे.

जोयड्यातील वैद्यमंडळाचा खरा कस लागतो तो कुत्र्याच्या नाकातून रक्त आल्यावर, आणि येथे निदान ठरलेले असते: जळू. हे निदान अगदीच हवेतले नाही. पावसाळ्यात या जंगलात पानापानावर जळवा उभ्या असतात, आणि ओहोळाचे पाणी पिताना लहानशी जळू कुत्र्याच्या नाकात शिरून आठवडे मुक्काम करू शकते. शिंका, डोके झटकणे आणि बहुधा एकाच नाकपुडीतून रक्ताची बारीक धार ही तिची खूण. कुत्र्याला काही काळ तहानलेले ठेवून नाकासमोर पाण्याचे भांडे धरले, की जळवेला पाण्याची चाहूल लागते आणि तिचे काळपट, ओले टोक नाकपुडीच्या कडेशी येऊन चाचपडू लागते, पुन्हा आत जाते, पुन्हा येते. चिमटा घेऊन बसलेला माणूस आणि ती यांच्यात जो खेळ चालतो तो पाहायला शेजारची मुले काम टाकून येतात. परंतु अशा एका यशस्वी प्रयोगानंतर त्या अंगणाच्या लेखी नाकातले प्रत्येक रक्त जळवेचेच ठरते, आणि अनर्थ तेथून सुरू होतो, कारण गोचीडतापातही नाकातून रक्त येते. गोचिडीच्या चाव्यावाटे एर्लिकिया नावाचा जिवाणू कुत्र्याच्या पांढऱ्या पेशींत शिरतो, रक्त गोठवणाऱ्या बिंबिका नावाच्या सूक्ष्म पेशी घटतात, आणि मग नाकातून, लघवीतून किंवा कातडीखाली ठिपक्याठिपक्यांनी रक्त झिरपू लागते. गोचिडीमार्फतच येणारा बॅबेसिया हा परजीवी तांबड्या पेशी फोडतो आणि लघवीचा रंग कोऱ्या चहावर नेतो. ताप, अन्नावरची वासना उडणे, पांढुरकी हिरडी आणि कानाच्या घडीत किंवा बोटांच्या बेचक्यांत सापडलेल्या गोचिड्या एवढे जुळले, की पाण्याचे भांडे आत ठेवून रक्ताची तपासणी करून घ्यावी. गोचिडी मात्र कुत्र्याच्या अंगावर नाही म्हणून मंडळाने हुरळून जाऊ नये. ती आपले काम उरकून भिंतीच्या भेगेत गेलेली असते.

नाकाखालोखाल जबडा हा वादविषय होतो. कुत्र्याचे तोंड उघडे राहिले आहे, लाळ गळते आहे, भुंकण्याचा आवाज घोगरा झाला आहे, गिळता येत नाही; असे कुत्रे दिसताच हाडवादी पुढे सरसावतो, ‘हाड अडकलंय’ म्हणतो आणि बाह्या सारून हात घालायला निघतो. या लेखातील विनोद येथे थोडा बाजूला ठेवावा लागतो. पिसाळण्याचे, म्हणजे रेबीजचे, दोन प्रकार असतात: एकात कुत्रे दिसेल त्याला चावत सुटते आणि ते सर्वांना कळते, दुसऱ्यात ते कोपऱ्यात मुकाट बसते, जबड्याचे आणि घशाचे स्नायू लुळे पडतात, आणि हाड अडकल्याचे अगदी हुबेहूब सोंग तयार होते. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या प्राण्याचे जे वर्णन आहे त्यात शेपूट, जबडा आणि खांदे लोंबणे व लाळ गळणे ही लक्षणे स्पष्ट नोंदलेली आहेत. म्हणजे हाडवाद्याच्या चुकीचे निदान पुष्कळ शतकांपूर्वीच झालेले आहे. अशा कुत्र्याच्या तोंडात हात घालू नये, त्याला हात न लावता कोंडावे आणि पशुवैद्याला बोलवावे. लाळ जखमेला लागली असेल तर जागा साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात लसीसाठी जावे, कारण लक्षणे दिसू लागल्यावर या रोगाला औषध नाही. शेजारच्या गोव्यात २०१३ नंतर कुत्र्यांना घरोघर आणि रस्तोरस्ती लस टोचण्याची मोठी मोहीम झाली आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. सीमेवरच्या कुत्र्यांना अर्थातच ती अधिसूचना वाचता येत नाही, आणि ती दोन्ही बाजूंना सारख्याच मोकळेपणाने जातात.

सापाच्या बाबतीत कुत्र्याचा स्वभाव त्याच्या आड येतो, कारण अनोळखी वस्तूची चौकशी तो नाकाने करतो आणि म्हणून दंश बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर होतो. घोणस चावली तर जागा भराभर सुजते आणि रक्त थांबत नाही; मण्यार चावली तर सूज जवळजवळ नसतेच, फक्त मागचे पाय लटपटतात, पापण्या मिटू लागतात आणि श्वास मंदावतो, ज्याचा अर्थ अंगणात ‘दमलंय, झोपू दे’ असा लावला जातो. भारतात मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते. घाटात आढळणारे नाकाड्या चापडा किंवा मलबारी चापडा यांच्यावर ते बनवलेले नाही, तरी त्यामुळे दवाखाना टाळण्याचे कारण मिळत नाही. प्रतिविषाची मात्रा कुत्र्याच्या वजनावर नव्हे, तर अंगात गेलेल्या विषावर ठरते, तेव्हा ‘लहानसं तर आहे, थोडं पुरेल’ हा हिशेब चालत नाही. दोरी आवळू नये, चिरू नये, साप मारून पिशवीत आणण्याचा पराक्रम करू नये. कुत्र्याला चालवू नये, उचलून न्यावे. गांधीलमाशी चावल्यानेही तोंड असेच सुजते आणि कुत्रे काही तास गावच्या पुढाऱ्यासारखे दिसते. त्यात हसण्यासारखे पुष्कळ आहे, मात्र सूज येताच वारंवार उलट्या, जुलाब किंवा धाप सुरू झाली तर हसणे जीपमध्ये बसून करावे.

पोटाच्या बाबतीत संत नामदेवांची आख्यायिका आठवते: भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावले. भूतदयेचा तो परमोच्च बिंदू खराच. पण आजचा पशुवैद्य त्या वाटीला हात घालील, कारण तुपकट अन्नाने कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येते आणि सणासुदीच्या दुसऱ्या दिवशी उलट्यांचे रोगी वाढतात ते त्यामुळेच. पोट डाव्या बाजूने फुगून टणक झाले आहे, कुत्रे पुन्हा पुन्हा ओकायला जाते आणि बाहेर काहीच पडत नाही, ही अवस्था मात्र अपचनाची नसते. जठर वायूने फुगून स्वतःभोवती पिळले गेलेले असते, खोल छातीच्या कुत्र्यांत ते अधिक घडते, आणि शस्त्रक्रियेवाचून काही तासांत सर्व आटोपते. मुधोळची जात मिरवणाऱ्या मालकांनी आपल्या कुत्र्याच्या छातीचे कौतुक करताना हेही लक्षात ठेवावे. पिल्लाला रक्ताचे, अतिशय दुर्गंधी जुलाब आणि उलट्या लागल्या तर तो बहुधा पार्व्हो हा विषाणुजन्य रोग. नर कुत्रा पाय वर करकरून दमला आणि थेंब आला नाही तर मूत्रमार्ग तुंबलेला. झटका पाच मिनिटांहून लांबला किंवा एका दिवसात पुन्हा आला तर मेंदू धोक्यात. आणि शेतावर फवारलेल्या किंवा डुकरांसाठी ठेवलेल्या विषानंतर लाळ, थरथर आणि टाचणीएवढ्या बाहुल्या दिसल्या तर मीठपाणी पाजून ओकवण्याच्या भानगडीत न पडता विषाचा डबा बरोबर घेऊन निघावे. बिबट्याच्या तावडीतून सुटलेल्या किंवा डुकराने फाडलेल्या कुत्र्याच्या मानेवर वरून दोन बारीक भोके दिसतात आणि त्यांत हळद भरली की मंडळाचे समाधान होते. कातडीखाली स्नायू फाटून खोल कप्पा झालेला असतो आणि हळद त्याच्या दारातच राहते.

निघायचे ठरले तरी निघणे हा स्वतंत्र विषय आहे. रेंज मिळते त्या टेकाडावर जाऊन फोन लावावा लागतो. फिरत्या पशुचिकित्सा वाहनासाठी १९६२ हा क्रमांक आहे, आणि तालुक्याचा दवाखाना बंद असेल तर दांडेली, बेळगाव किंवा धारवाडची वाट धरावी लागते. फोनवर डॉक्टर विचारतात की उलटी किती वेळा झाली, लघवी झाली का, हिरडी कशी आहे, काय खाल्ले. आणि मालक सांगतो की काल ते फार शहाण्यासारखे वागत होते, रात्री अंगणातून हललेच नाही आणि डोळ्यांत पाणी आणून बघत होते. हे चरित्र म्हणून उत्तम आहे. त्याऐवजी कधीपासून, किती वेळा आणि कोणत्या रंगाचे एवढे तीन तपशील सांगितले आणि अंगणात कोणी कोणते औषध दिले ते लाज न बाळगता कबूल केले, तर डॉक्टरचा अर्धा तास वाचतो. हे शेवटचे कबूल करताना जे मौन पाळले जाते ते केवळ नवरा-बायकोच्या नात्यातच इतरत्र आढळते.

वनखात्यालाही या कुत्र्यांच्या प्रकृतीशी कर्तव्य आहे. डिस्टेंपर हा कुत्र्यांचा विषाणुजन्य रोग, ज्यात डोळ्यांनाकांतून चिकट पाणी येते आणि पुढे जबडा चघळल्यासारखा थडथडू लागतो, तो मार्जारकुळालाही होतो. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह दगावले तेव्हा हा विषाणू सापडला होता. काळी प्रकल्पात वाघ आणि कोळसुंदे, म्हणजे रानकुत्री, दोघेही आहेत, म्हणजे अंगणातल्या टायगरने लस चुकवली तर ती गोष्ट खऱ्या टायगरपर्यंत पोहोचू शकते.

दवाखान्यातून परतलेले कुत्रे जगले, तर श्रेयाचा प्रश्न उभा राहतो. नजरवाद्याला मिरच्यांचा ठसका आठवतो, तैलवादी तेलाने आतडे मोकळे झाल्याचे सांगतो, दाहवादी केवळ सळई दाखवल्याचाही उल्लेख करतो, आणि सलाईनचा विषय कोणी काढीत नाही. गोचीडतापावर डॉक्टरने दिलेली डॉक्सिसायक्लिनची गोळी बहुधा चार आठवडे द्यायची असते, कारण जिवाणू पेशींत दडलेला असतो आणि बरे वाटणे व बरे होणे यांत बऱ्याच दिवसांचे अंतर असते. प्रत्यक्षात पाचव्या दिवशी कुत्रे कोंबडीमागे धावले की घरात ते बरे झाल्याचे जाहीर होते. उरलेल्या गोळ्या कोनाड्यात देवाच्या तेलाच्या बाटलीमागे नीट ठेवल्या जातात, आणि पुढच्या पावसाळ्यात औषधवादी त्या शोधत येतो, या वेळी बकरीसाठी.